आवडले ते नावानिशी पुढे द्यावे

इंटरनेटवर सापडलेला लघुपट, एखादे चित्र किंवा जुनी ध्वनिमुद्रिका कुणी मित्रमंडळींना पाठवली की तीन आक्षेप हमखास ऐकू येतात. हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, हा पहिला. निवड करून द्यायला यूट्यूबची यंत्रणा आहेच, हा दुसरा. आणि अशा फुकट वाटपाने कलावंताच्या पोटावर पाय येतो, हा तिसरा.

पहिला आक्षेप इतिहासापुढे टिकत नाही. १९७७ साली व्हॉयेजर अवकाशयानांसोबत पाठवलेल्या सोनेरी तबकडीत केसरबाई केरकरांची भैरवी आहे. संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राऊन यांनी तबकडीसाठी निवड करणाऱ्या कार्ल सेगन यांच्या गटाला ती सुचवली. ध्वनिमुद्रिका सहजी मिळेना, तेव्हा न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय दुकानातून ती शोधून काढली गेली. एका जाणकाराने शिफारस केली म्हणून गोव्यातल्या केरी गावच्या गायिकेचा स्वर आज आंतरतारकीय अवकाशात आहे. अशा शिफारशीला रिकामपणाचा उद्योग कसे म्हणावे?

दुसरा आक्षेप यंत्रणेला नसलेला गुण चिकटवतो. आपण काल काय पाहिले, यावरून ती आज काय दाखवायचे ते ठरवते. म्हणून आवडीचे वर्तुळ आणखी घट्ट होते. ईशू पटेल यांनी कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डासाठी केलेला ‘बीड गेम’ (१९७७) हा लघुपट घ्या. कॅमेऱ्याखाली हजारो मणी सरकवत, साडेपाच मिनिटांत, एकही शब्द न उच्चारता तो जीवाने जीव गिळण्यापासून थेट अणुयुद्धाच्या भयापर्यंत पोहोचतो. ज्ञानप्रकाश घोष यांच्या तालवाद्यांनी तो अंगावर येतो. दिवसभर क्रिकेटची दृश्ये पाहणाऱ्या पुतण्यापुढे यंत्रणा तो कशाला आणेल? त्याचा स्वभाव ओळखणारी काकूच म्हणेल, ‘हे बघ, तुला आवडेल.’

तिसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. नव्या चित्रपटाची चोरटी प्रत पाठवणे ही चोरीच. पण त्यावरचा उपाय वाटणे थांबवणे हा नाही. मूळ ठिकाणाचा दुवा द्यावा, म्हणजे प्रेक्षक कलावंताच्याच दारी जातो. ‘बीड गेम’ फिल्म बोर्डानेच आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवला आहे. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे चालतो. त्याहून जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकवण्यात कुणाचे ध्वनिमुद्रणाचे हक्क बुडत नाहीत. कलावंताचे खरे नुकसान होते ते नाव गाळल्याने. फिल्म्स डिव्हिजनचा ‘एक अनेक और एकता’ (१९७४) हा लघुपट कितीतरी जणांना तोंडपाठ आहे. पण तो विजया मुळे यांनी केला आणि संगीत वसंत देसाईंचे, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक आहे?

आपल्याकडे दुर्मीळ रेकॉर्ड हाती लागली की चार जाणकारांना घरी बोलावून ती ऐकवणारे रसिक होते. ती ऐकवताना गायक, राग, साल सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. तोच धर्म आज पाळायचा आहे. दिवसाला दहा क्लिप ढकलण्यापेक्षा आठवड्याला एकच कलाकृती निवडावी, आधी स्वतः पूर्ण पाहावी वा ऐकावी. मग कर्त्याचे नाव, साल आणि मूळ दुवा द्यावा. ती का आवडली, हे दोन ओळींत आपल्या शब्दांत लिहावे. एवढे केले की पाठवणे हे रसिकतेचे काम होते. वाचकहो, या आठवड्यातली तुमची ती एक कलाकृती निवडा आणि कर्त्याच्या नावानिशी पुढे द्या.