साडेपाच हजार डॉलरची शिळी पाटी

आपला मोबाइल ‘अपडेट करा’ म्हणून मागे लागतो आणि आपण वैतागून ‘नंतर’वर बोट ठेवतो. ती सूचना कधी आलीच नाही तर काय होतं, याचा विचार आपण करत नाही. ब्रेल नोटटेकर वापरणाऱ्या अंध माणसाला तो करावा लागतो.

ज्यांनी हे यंत्र पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एखाद्या जाड पुस्तकाएवढं असतं. लिहायला ब्रेलच्या कळा आणि वाचायला एका ओळीत ब्रेलची घरं. प्रत्येक घरात आठ बारीक टाचण्या. वीज मिळाली की वर येतात, त्यावरून बोट फिरवायचं. बत्तीस घरांच्या यंत्रात अशा २५६ टाचण्या. किंमत वाढते ती मुख्यतः या टाचण्यांमुळे, आणि नीट जपल्या तर त्या वर्षानुवर्षं टिकतात.

टिकत नाही ते आतलं सॉफ्टवेअर.

१९८७ साली अमेरिकेत डीन ब्लेझी यांचं ‘ब्रेल एन स्पीक’ आलं. त्याला टाचण्या नव्हत्या, ते नुसतं बोलायचं. पण यंत्र स्वतःपुरतं होतं, बाहेरच्या कुणावर अवलंबून नव्हतं. २००० साली न्यूझीलंडहून विंडोज सीईवर चालणारं ‘ब्रेलनोट’ आलं. मग २०१६ मध्ये ह्युमनवेअर कंपनीने ‘ब्रेलनोट टच’ आणलं, थेट अँड्रॉइडवर. डोळस मुलं वापरतात तीच ॲप्स आता अंध मुलंही वापरतील, म्हणून त्याचं स्वागत झालं. ते योग्यच होतं.

पण त्यात अँड्रॉइड होतं ४.४, म्हणजे २०१३ सालचं. पुढच्या वर्षी कोरियाच्या हिम्स कंपनीचं ‘पोलारिस’ आलं, त्यात २०१४ सालचं ५.०. डबा नवा कोरा, आत परवाचा भात. किंमत दोन्हींची साडेपाच हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे तेव्हाचे साडेतीन लाख रुपये. पुढे ‘टच प्लस’मध्ये ८.१ आलं, पण आतला बोर्डच बदललेला असल्यामुळे जुन्या टचवाल्याला ते नुसतं डाउनलोड करून मिळणार नव्हतं. ऑगस्ट २०२३ मध्ये गुगलने ४.४ साठीच्या प्ले सेवा थांबवल्या. २०२५ पासून नव्या क्रोमला किमान अँड्रॉइड १० लागतं, म्हणजे ८.१ वालेही बाहेर. टाचण्या मात्र अजून शाबूत.

बीएडला माझ्या वर्गात एक अंध मित्र होता. त्याची लोखंडी ब्रेल पाटी आणि टोचणी आजही त्याच्या टेबलावर आहे आणि चालते. त्याला हे सगळं समजावून सांगितलं तर तो म्हणाला, ‘‘म्हणजे माझ्या पाटीला एक्स्पायरी डेट लावली म्हण की!’’

कंपन्यांची बाजूही ऐकू. ग्राहक थोडे, चिपवाल्याने नव्या सिस्टिमसाठी साथ सोडली की यांचे हात बांधलेले, आणि ब्रेलचा सगळा थर पुन्हा तपासावा लागतो. मान्य. पण हिम्सच्याच ‘ब्रेलसेन्स ६’ला पुढे अँड्रॉइड १० वरून १२ मिळालं. म्हणजे ठरवलं तर होतं. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये गुगलने सातशे डॉलरच्या पिक्सेल ८ ला सात वर्षांचे अपडेट जाहीर केले, तीन महिन्यांनी सॅमसंगने एस २४ ला. सातशे डॉलरवाल्याला सात वर्षांची हमी. मग साडेपाच हजारवाल्याला काय? ‘पाहू’?

काही शहाणे सुचवतात की फोन घ्या आणि त्याला ब्रेल डिस्प्ले जोडा. अँड्रॉइड १३ पासून टॉकबॅकमध्ये ती सोय आतच आहे, आयफोनमध्ये तर कितीतरी आधीपासून. ज्यांना जमतं त्यांनी जरूर घ्यावा. पण वर्गात मोबाइलला बंदी घालायची आणि अंध मुलाला म्हणायचं मोबाइलवर लिही, हे कसं चालेल?

आता आपल्याकडे वळू. अमेरिकेत बऱ्याचदा शाळा किंवा राज्याचं पुनर्वसन खातं हे यंत्र घेऊन देतं. आपल्याकडे ते येतं ते बहुधा देणगीतून. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून एक गोष्ट मला फार आवडते: कागदावर उर्दू उजवीकडून चालते, पण भारती ब्रेलमध्ये ती मराठीसारखीच डावीकडून चालते, आणि मराठी ‘क’ आणि उर्दू ‘काफ’ यांचे ठिपकेही तेच. हे नातं यंत्रात उतरतं ते सॉफ्टवेअरमधल्या तक्त्यातून. तक्ता चुकला असेल तर दुरुस्ती येते अपडेटमधूनच. ज्या यंत्राचे अपडेट बंद, त्यातली चूक कायमची.

म्हणून जकात-सदक्यातून किंवा कंपनीच्या निधीतून अशी यंत्रं वाटणाऱ्या आपल्या ट्रस्टवाल्यांना, आणि निविदा काढणाऱ्या सरकारी खात्यांनाही, माझं सांगणं आहे. हार-तुरे, फोटो नंतर. आधी विक्रेत्याला विचारा: यात अँड्रॉइड कितवं आहे? शेवटचा सुरक्षा पॅच कोणत्या महिन्याचा? पुढचे अपडेट कोणत्या वर्षापर्यंत, आणि बोर्ड बदलावा लागला तर खर्च कुणाचा? उत्तर फोनवर नको, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह घ्या. ते मिळेपर्यंत चेक फाडू नका.