एक मिनिट, नाडीसाठी

गेल्या पावसाळ्यात आम्ही बडोद्यास आमच्या मामींकडे गेलो होतो. पहिल्या चिमणाबाई महाराणींच्या स्मरणार्थ १८९६ साली रावपुऱ्यात उभारलेला घड्याळाचा मनोरा आपणांपैकी काहींनी पाहिला असेल. तेथून घरापर्यंत चालत येताच मामींना दम लागला. "अरे, वय झालं आता," असे म्हणून त्या हसल्या. आम्ही त्यांची नाडी पंधरा सेकंद मोजली व चारांनी गुणले. ८४ ठोके! विश्रांतीच्या वेळी प्रौढ माणसाचे ठोके मिनिटाला साधारणपणे ६० ते १०० असतात. तेव्हा आम्ही निश्चिंत झालो.

ती आमची घाई होती. रात्री पूर्ण मिनिट मोजले, तेव्हा कळले की आकडा ठीक होता, पण ताल नव्हता. दोन ठोके लगबगीने, मग खंड, मग पुन्हा तीन. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी हृदयाचा विद्युत् आलेख काढला. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत होते. अशा वेळी तेथे रक्त साकळते, गुठळी मेंदूत जाऊन अडकते आणि धडधाकट माणूस अर्धांगवायूने अंथरुणास खिळतो. ते टाळण्यासाठी औषध असते. मामींना ते सुरू झाले.

नाडी पाहण्यापूर्वी पाच मिनिटे स्वस्थ बसावे. चहा, तंबाखू किंवा श्रम नुकतेच झालेले नसावेत. तळहात वर करून, अंगठ्याच्या बाजूस मनगटावर तर्जनी व मधले बोट हलकेच टेकावे. आपला अंगठा वापरू नये, कारण त्यालाही स्वतःचा ठोका असतो. मग घड्याळाचा सेकंदकाटा पाहत पूर्ण मिनिट मोजावे. (इंग्लंडातील वैद्य जॉन फ्लॉयर यांनी याच कामासाठी खास घड्याळ करविले व १७०७ साली त्यावर ग्रंथ लिहिला, आपले काम साध्या मनगटी घड्याळाने भागते.) तान्ह्या मुलांची नाडी बरीच जलद असते, त्याने घाबरू नये. मात्र छातीत कळ, घेरी वा श्वास कोंडणे असेल, तर मोजीत न बसता तडक इस्पितळ गाठावे.

मामी आता भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाच्या हिशेबाशेजारीच रोजचा आकडा लिहितात. ताल सरळ असेल तर पुढे टिंब, चुकला असेल तर फुली. परवा त्यांनी फोनवर आम्हांस विचारले, "तुझी किती रे?" आम्ही तोवर स्वतःची मोजलीच नव्हती.