कादंबरीचा आरंभ

कादंबरी लिहावी अशी इच्छा पुष्कळांच्या मनात कधी ना कधी उद्भवते. परंतु ती लिहून पुरी करणारे फारच थोडे. वाटेत थांबणाऱ्या मंडळींपैकी बरीचशी पहिल्याच पानावर थांबलेली असतात, असे मला वाटते. कथानक मनात असते, पात्रेही ओळखीची असतात; पण लेखणी हाती घेतल्यावर प्रारंभ कोठून करावा हे काही केल्या ठरत नाही. विद्यालयातही अधूनमधून एखादा विद्यार्थी दोनशे पानी वही घेऊन कादंबरी लिहावयास बसतो, आणि त्या वहीची पहिली चार पाने तेवढी भरतात. तेव्हा हा प्रश्न केवळ थोर साहित्यिकांपुरता आहे असे समजण्याचे कारण नाही.

अशीच एक वही काही वर्षांपूर्वी नववीतील एका मुलाने माझ्याकडे वाचावयास दिली होती. दीड पान त्याने सूर्योदयाला वाहिले होते. पूर्वदिशा गुलाल उधळीत होती, पक्षिगण मंजुळ गान करीत होते, वायुलहरी मंद मंद वाहत होत्या. मी समासात ‘उत्तम’ असा शेरा मारला. दुसऱ्या पानाच्या मध्यावर मात्र एक निराळेच वाक्य होते. भरतीच्या वेळी रात्री मानस मोडली आणि आजोबा कंदील घेऊन बांधाकडे धावले, असा त्याचा आशय होता. ‘मानस’ या शब्दाखाली मी लाल शाईने रेघ ओढली आणि लिहिले, ‘बोलीतील शब्द टाळावा.’

त्या शब्दाचा अर्थ मला ठाऊक नव्हता असे नाही. माझी मातृभाषा कोंकणी. आजोळी खाजन जमिनीच्या बांधावरून मी लहानपणी कितीदा तरी चालले आहे. खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून शेते राखण्यासाठी गोव्यात पूर्वापार बांध घातलेले आहेत. त्या बांधांत लाकडी दारे बसवलेली असतात, त्यांना मानस म्हणतात. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्याच दाबाने ती दारे मिटतात. ओहोटी लागली की आतले पाणी त्यांना लोटून बाहेर पडते. मानस मोडली म्हणजे खारे पाणी शेतात शिरले, आणि खारे पाणी शिरले म्हणजे त्या कुटुंबाचे वर्षाचे भात गेले. एवढा सारा अर्थ त्या एका शब्दात होता. मी त्याखाली रेघ ओढली, आणि ज्यात त्या मुलाचे स्वतःचे असे काहीच नव्हते त्या सूर्योदयाला ‘उत्तम’ म्हटले! पुढच्या वेळी त्याने शब्द बदलून आणला. त्यानंतर ती वही माझ्याकडे आली नाही. तेव्हापासून कादंबरीच्या आरंभाविषयी मी बराच विचार केला आहे. तो येथे मांडीत आहे.

प्रथम त्या सूर्योदयाविषयी. निसर्गवर्णनाने आरंभ करण्याची ही सवय कोठून आली? आपल्याकडे प्रस्तावनेची परंपरा मोठी आहे. ग्रंथाला मंगलाचरण असते, नाटकाला नांदी असते, कीर्तनाला पूर्वरंग असतो. दशावतारातही मुख्य आख्यान उभे राहण्यापूर्वी गणपती येतो, संकासुर येतो. या सर्वांत देवतास्मरणाची भावना आहेच; पण एक व्यावहारिक सोयही आहे. देवळाच्या प्रांगणात लोक अजून जमत असतात, कोणी घरची कामे उरकून येत असतो, मुले जागा धरीत असतात. सगळे स्थिरस्थावर होईपर्यंत कथेला थांबावेच लागते. कादंबरीच्या वाचकाची गोष्ट वेगळी आहे. तो एकटाच असतो आणि पुस्तक उघडण्यापूर्वीच बसलेला असतो. जो येऊन बसलाच आहे, त्याला ताटकळत ठेवण्यात काय स्वारस्य?

यावर कोणी म्हणेल की, ज्या ग्रंथावरून मराठीत ‘कादंबरी’ हा शब्द रूढ झाला, त्या बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तच वर्णनांचा केवढा विस्तार आहे! आक्षेप योग्य आहे. सातव्या शतकातील त्या कवीने शूद्रक राजाचे वर्णन करताना विशेषणांची मालिकाच गुंफली आहे. परंतु त्यानंतर काय घडते ते पाहावे. राजसभेत एक चांडालकन्या पिंजऱ्यातील पोपट घेऊन येते, आणि तो वैशंपायन नावाचा पोपट आपली कथा सांगू लागतो. ज्या सभेत त्या कन्येला सहज प्रवेश नाही, त्याच सभेत ती येऊन उभी राहते; त्या क्षणी सभा पूर्वीची राहत नाही, आणि वाचकाचे कुतूहलही तेथेच जागे होते. बाणाचे वर्णन त्या आगमनाची पार्श्वभूमी आहे. वर्णन निषिद्ध नाही. मात्र त्याच्यामागून कोणीतरी यावयास हवे. आमच्या वहीतील सूर्योदयामागून कोणीच आले नव्हते. सूर्य उगवला तो उगवला, आणि कथा पुन्हा मध्यरात्री सुरू झाली!

म्हणून माझे पहिले मत असे की, जेथून पुढे गोष्टी पूर्वीसारख्या राहू शकत नाहीत, तेथून कादंबरीचा आरंभ करावा. व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ साली प्रसिद्ध झालेली ‘बनगरवाडी’ पाहावी. एक तरुण शिक्षक नेमणुकीच्या गावी पायी निघाला आहे, येथून ती सुरू होते. त्याचे बालपण, शिक्षण, घराण्याचा इतिहास यांची उजळणी आधी केलेली नाही. तो चालतो, तसा वाचकही चालतो. माणदेशचा उजाड माळ त्याच्याबरोबरच आपल्या दृष्टीस पडतो. वर्णन येथेही आहे, पण ते चालणाऱ्या माणसाच्या डोळ्यांतून आलेले आहे.

हे स्थळ शोधणे मात्र वाटते तितके सोपे नाही. टॉलस्टॉयसारख्या लेखकालाही ते लवकर गवसले नाही. १८२५ सालच्या फसलेल्या उठावात भाग घेतल्याबद्दल सायबेरियात हद्दपार झालेला आणि १८५६ साली वृद्धपणी स्वदेशी परतलेला एक गृहस्थ त्याला रंगवावयाचा होता. त्याला समजून घेण्यासाठी लेखक १८२५ कडे वळला; त्याचे तारुण्य समजावे म्हणून नेपोलियनच्या स्वारीच्या १८१२ या वर्षाकडे गेला; आणि केवळ विजयाची गाथा गाऊन आधीच्या पराभवांविषयी मौन पाळणे अप्रशस्त वाटल्यामुळे आणखी मागे, १८०५ पर्यंत पोहोचला. अनेक आरंभ लिहून बाजूला सारल्यावर अखेर ‘युद्ध आणि शांती’ ही कादंबरी जुलै १८०५ मधील पीटर्सबर्गच्या एका मेजवानीच्या बैठकीत सुरू झाली. पन्नास वर्षांची ही माघार पाहिली म्हणजे पहिले पान दोनदा फाडावे लागले म्हणून खट्टू होण्याचे कारण उरत नाही.

दुसरे मत असे की, कथा कोण सांगणार हे पहिल्या ओळीतच ठरते, आणि ते एकदा ठरले की सहसा बदलता येत नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये निघालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ लिहावयास घेतली, तेव्हा त्यांनी निवेदन यमूच्याच मुखी घातले. तेच स्त्रियांच्या दुःस्थितीविषयी एखाद्या सुधारकाच्या तोंडून आले असते, तर तो एक निबंध झाला असता. १९६३ साली आलेल्या भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’मध्ये पांडुरंग सांगवीकर आरंभीच आपले नाव आणि वय सांगून मोकळा होतो, पुढील साऱ्या पुस्तकाचा सूर त्या सांगण्यातच लागलेला आहे. मग आमच्या वहीतील मध्यरात्र कोण सांगणार? कंदील घेतलेले आजोबा, की दारात उभा राहून तो कंदील दूर जाताना पाहणारा नातू? दोन्ही योग्य आहेत. पण दोन निराळ्या कादंबऱ्या आहेत.

तिसरे मत भाषेविषयी आहे आणि ते मला सर्वांत निकडीचे वाटते. आम्ही घरी कोंकणी बोलतो आणि शाळेत मराठी लिहितो. मराठीवर आमचे प्रेम आहे. पिढ्यान्‌पिढ्या तिच्यातूनच आमच्या घरांत पोथ्या वाचल्या गेल्या. पण या प्रेमात एक भीड मिसळलेली असते. आपले शब्द उंबऱ्याबाहेर ठेवूनच ग्रंथात प्रवेश करावयाचा, अशी आमची समजूत होऊन बसते, आणि मग आमची मुले पाठ्यपुस्तकातला सूर्योदय उसना घेतात. बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी घरांतही असे काही शब्द असतीलच. शुद्धलेखन सांभाळावे, व्याकरण सांभाळावे, यात दुमत नाही. परंतु ज्या वस्तूला प्रमाण भाषेत नावच नाही, तिचे नाव पुसल्याने भाषा शुद्ध होत नाही, ती उणी होते. अपरिचित शब्दाने वाचक बिचकेल ही भीतीही फारशी खरी नाही. भरती, बांध, कंदील आणि धावणारा म्हातारा माणूस एवढे समोर दिसले की ‘मानस’ म्हणजे काय ते वाचकाला कळते.

याच्या उलट टोकाचाही एक मोह आहे. वाचकाला खिळवून ठेवावे म्हणून पहिल्याच ओळीत खून किंवा स्फोट घडवून आणणारे लेखक असतात. पहिले पान हे वाचकाला दिलेले वचन आहे. पुढील दोनशे पानांत जे पाळावयाचे नाही, ते वचन देऊ नये.

शेवटी, ज्यांना पहिले वाक्य निर्दोष झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही, त्यांच्यासाठी अल्बेर कामू या फ्रेंच लेखकाच्या ‘प्लेग’ या १९४७ मधील कादंबरीतील एक पात्र सांगते. ग्रां नावाचा हा गरीब कारकून कित्येक वर्षे एक कादंबरी लिहीत आहे. मे महिन्यातील सकाळी पॅरिसच्या उपवनातून घोड्यावर बसून जाणारी एक स्त्री, हे तिचे पहिले वाक्य. आणि त्याच्यापलीकडे तो कधी गेलेलाच नाही! आज एक विशेषण घालावे, उद्या दुसरे काढावे, असे चालले आहे. प्लेगने अंथरुणाला खिळल्यावर तो सारे कागद जाळावयास लावतो. सुदैवाने तो वाचतो, पुन्हा लिहू लागतो, आणि मोठ्या समाधानाने सांगतो की आता सगळी विशेषणे काढून टाकली आहेत. आपणा सर्वांत थोडाफार ग्रां असतो. पहिले वाक्य परिपूर्ण व्हावे म्हणून थांबू नये. ते पुष्कळदा शेवटचे पान लिहून झाल्यावरच सुधारता येते.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कोणाच्या दप्तरात अशी एखादी अर्धवट वही असेल, तर तिची पहिली दीड पाने खुशाल ओलांडा आणि जेथे कोणीतरी कंदील घेऊन धावत आहे, ते वाक्य शोधा. तोच तुमचा आरंभ. आणि त्या जुन्या वहीचा मालक कोठे हे वाचीत असेल, तर त्याला एवढेच सांगावयाचे आहे की, ती लाल रेघ माझी चूक होती. तो शब्द जेथे होता तेथेच पुन्हा लिहावा, आणि पुढे काय झाले ते सांगावे. आजोबा वेळेवर पोहोचले की नाही, हे मला अद्याप कळलेले नाही.