सरकारी बाटली आणि मेडिकलचं काउंटर

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिल, मुंबई



माझं मेडिकल शिरूरला, धाकट्या भावाचं दौंडला. आमच्या दोन्ही काउंटरवरची काळजी तुमच्यापुढे मांडतो.

28 जुलै 2018 ला राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. हेपॅटायटिस बी आणि सी या आजारांची तपासणी व औषधं मोफत झाली. सी तर बहुतेकांचा 12 आठवड्यांत बरा होतो. गरिबाला याहून मोठा आधार कोणता? पण या औषधांची बाटली मिळते सरकारी केंद्रातून; गॅसची, फिटची, अंगदुखीची गोळी आमच्याकडून. बाटलीची नोंद तिकडे, गोळीची इकडे, आणि दोन्ही जातात एकाच पोटात.

मागे एक गृहस्थ गॅसची गोळी मागायला आले. पॅन्टोप्राझोलची पट्टी काढता काढता विचारलं, "दादा, आणखी काही औषध चालू आहे का?" त्यांनी पिशवीतून बाटली काढली : हेपॅटायटिस सी वरचं सोफोसबुव्हिर-वेलपाटास्विर. पोटातलं आम्ल कमी झालं की वेलपाटास्विर अंगी नीट लागत नाही. मी पट्टी परत ठेवली आणि त्यांच्या डॉक्टरांना फोन लावून दिला.

टीबीची रिफॅम्पिसिन, फिटची कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन यांनी सोफोसबुव्हिरचं रक्तातलं प्रमाण घटतं. हृदयाच्या ठोक्यांसाठीचं ॲमिओडॅरोन सोबत गेलं, तर ठोके जीवघेणे मंदावू शकतात. अमेरिकेच्या एफडीएनं 2015 मध्येच तसा इशारा दिला होता. बी साठी टेनोफोव्हिर घेणाऱ्याच्या मूत्रपिंडाला डायक्लोफिनॅकनं इजा होऊ शकते. आणि ऊसतोडीत पाठ धरली की माणूस तीच गोळी मागतो.

रुग्णाला हे समजावून सांगणं 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनुसार आमचं कामच आहे. ते नीट व्हावं म्हणून तीन मागण्या : काउंटरवर लावता येईल असा एकपानी मराठी तक्ता द्या. शिरूर आणि दौंडला फार्मासिस्ट व काउंटरवरच्या मुलांसाठी प्रशिक्षण घ्या. आणि आरोग्य विभागाशी बोलून प्रत्येक बाटलीसोबत 'हे मेडिकलमध्ये दाखवा' असं कार्ड द्या.

आणि हे पत्र वाचणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंनो, तक्ता येईल तेव्हा येईल. पट्टी हातात देण्याआधी "सरकारी दवाखान्याचं काही औषध चालू आहे का?" एवढं आजपासूनच विचारा.

आपला नम्र,
शिरूरचा एक फार्मासिस्ट