कागद जुळला, काटा जुळला का?

हिशेबतपासणी हा शब्द कानी पडला की आपण कला शाखेचे विद्यार्थी ‘ते वाणिज्यवाल्यांचे काम’ म्हणून मोकळे होतो. पण सुप्याच्या औद्योगिक वसाहतीच्या सावलीत राहणाऱ्यांना ही बेफिकिरी परवडेल काय?

कारखान्याला केवळ यंत्रे लागत नाहीत. पाण्याचे टँकर, कामगारांच्या गाड्या, कँटीन, बांधकामाची खडी, कंत्राटी मजूर हे सारे लागते. यातील प्रत्येक गोष्टीमागे एक करार असतो.

तपासनीस हा करार कसा तपासतो? मागणीपत्र, दरपत्रके, खरेदीचा आदेश, आवक पावती आणि बिल हे कागद एकमेकांशी जुळले, की बहुधा समाधान होते. परंतु तिन्ही दरपत्रके एकाच घरातून आली असतील तर? दहा टँकर येऊन वहीत बारा लागले तर? खडीची गाडी काट्यावर न चढताच आत गेली तर? मस्टरवरचा मजूर त्या दिवशी स्वतःच्या शेतात असेल तर? म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, तपासनिसाने टेबल सोडून गेटपर्यंत, काट्यापर्यंत आणि मजुरापर्यंत गेलेच पाहिजे.

कोणी म्हणेल, पैसा मालकाचा, बुडाला तर त्याचा! हे अर्धसत्य आहे. खोट्या बिलाची भरपाई पुष्कळदा मजुरीतून होते आणि वाजवी दर देणारा होतकरू तरुण ठेकेदार दाराबाहेरच राहतो. ‘स्थानिकांना काम द्या’ ही मागणी रास्तच आहे. पण ‘आमचे काम तपासू नका’ असा तिचा अर्थ नव्हे.

राळेगणसिद्धी आपल्याच पारनेर तालुक्यातले. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा २००२ चा कायदा झाला; २००५ साली देशाचा कायदा आला. त्यामुळे ग्रामपंचायतीच्या खर्चाचा जाब आपण विचारू शकतो. खाजगी कंपनीकडे मात्र असा अर्ज थेट करता येत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक कंपन्यांना अंतर्गत हिशेबतपासणी सक्तीची केली. जिथे गावाचा डोळा पोहोचत नाही, तिथे हाच एक डोळा उरतो. तोही कागदावरच खिळून राहिला तर कसे व्हायचे?

मित्रहो, आपल्यातले काहीजण उद्या त्याच गेटवर कारकून असतील, काही भांडारपाल, काही ठेकेदार. आवक वहीतली नोंद तेव्हा आपल्याच हातची असेल. ती खरी असेल तरच पुढची तपासणी खरी ठरेल.