उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही



सहलीत तारकर्लीच्या किनाऱ्यावर मुलांनी समुद्रात बुडी मारणाऱ्यांच्या पाठीवरची टाकी पाहिली. सातवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, टाकीत एवढी दाबून हवा भरलेली असते, मग ती एकदम छातीत कशी शिरत नाही?" प्रश्न मला आवडला. याचे उत्तर रेग्युलेटर नावाच्या लहानशा यंत्रात आहे.

टाकीतील हवेचा दाब वातावरणाच्या सुमारे २०० पट असतो. पाणबुड्याने श्वास ओढला की रेग्युलेटरमधील रबरी पडदा आत ओढला जातो, तो एक दांडी दाबतो आणि झडप उघडते. मग भोवतालच्या पाण्याचा जेवढा दाब, तेवढ्याच दाबाची हवा तोंडात येते.

या यंत्राची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेनासे झाले, तेव्हा मोटारी गॅसवर चालाव्यात म्हणून एमिल गान्याँ या अभियंत्याने एक झडप बनवली होती. नौदल अधिकारी झाक कुस्तो यांच्यासोबत त्यांनी ती पाणबुड्यासाठी बदलली. १९४२-४३ च्या हिवाळ्यात मार्न नदीत चाचणी झाली. आडवे पोहताना यंत्र ठीक चाले. उभे राहताच हवा फुकट वाहून जाई आणि डोके खाली केले की श्वास कोंडे. कारण साधे होते. उच्छ्वास बाहेर पडण्याची जागा आणि पडदा वेगवेगळ्या उंचीवर येत होते, त्यामुळे दोन्हीकडे पाण्याचा दाब सारखा राहत नव्हता. दोन्ही शेजारी-शेजारी बसवताच दोष गेला.

आज जगात काही हौशी माणसे १९५०-६० च्या काळातील दोन नळ्यांचे जुने रेग्युलेटर जमवतात. ते केवळ कपाटात मांडून ठेवत नाहीत. पितळेवरचा हिरवा थर आपण चिंचेने काढतो, तसा ते सौम्य आम्लाने काढतात. कुजलेले रबर बदलतात, दांडीची उंची जुळवतात आणि दाबमापकावर पुन्हा पुन्हा तपासतात. डबा उघडल्यावर पडद्याशेजारी उच्छ्वासाची झडप दिसते आणि मार्न नदीतला तो धडा हातात येतो.

आता माझी एक चूक सांगतो. पूर्वी एका शाळेत असताना मी प्रयोगशाळेतील हाताने चालवायचा जुना निर्वात पंप किलोच्या भावाने भंगारात दिला. पुढे कळले की त्याचा चामड्याचा वॉशर वाळला होता, एवढेच. त्या पंपाने काचेच्या हंडीतील हवा काढली की आत वाजणाऱ्या घंटेचा आवाज विरत जाई. त्यानंतरच्या मुलांनी 'ध्वनीला माध्यम लागते' हे वाक्य केवळ पाठ केले. एका वॉशरसाठी मी त्यांचा प्रयोग घालवला.

माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत 'जुगाड' हा शब्द कौतुकाने वापरतात. पण दुरुस्ती म्हणजे जुगाड नव्हे. तार बांधून वेळ भागवता येते, पाण्याखाली जीव भागत नाही. योग्य माप, योग्य सुटा भाग आणि तपासणी झाल्याशिवाय 'झाले' म्हणायचे नाही, ही शिस्त कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा जुने यंत्र चांगली शिकवते.

काही पालक म्हणतील, याला गुण किती? थेट गुण नाहीत, हे मान्य आहे. पण दाब, झडप, तरफ हे धडे ज्याने हाताने केले, तो ते परीक्षेतही विसरत नाही.

म्हणून दर शनिवारी शाळा सुटल्यावर एक टेबल मांडावे असे मला वाटते. बंद पडलेला सायकलचा पंप, रिकामा स्टोव्ह, जुने शिलाई मशीन भंगारवाल्याला देण्याआधी शाळेत पाठवा. शिक्षकांच्या देखरेखीखाली मुले ते उघडतील, चित्र काढतील, पुन्हा जोडतील. घरच्या गॅसच्या रेग्युलेटरला मात्र कोणीही हात लावायचा नाही. जे आपले काम नाही ते जाणकाराकडे सोपवणे हाही या शिक्षणाचाच भाग आहे.

जोडल्यावर एखादा स्क्रू उरला, तर मुलांना रागावू नका. तो कुठला, हे त्यांनाच शोधू द्या.

आपला,
मुख्याध्यापक