निलंबनाने रुग्ण सुरक्षित होत नाही

सप्टेंबर २०२१ मध्ये ठाणे महापालिकेच्या कळव्यातील आतकोनेश्वर नगर आरोग्य केंद्रात एक माणूस कोविडची लस घ्यायला गेला आणि रेबीजची लस टोचून घेऊन बाहेर आला. तो चुकीच्या रांगेत उभा राहिला होता आणि परिचारिकेने त्याचा केसपेपर न पाहताच सुई टोचली. परिचारिका निलंबित झाली आणि विषय मिटला. टोचण्याआधी नाव आणि लस मोठ्याने विचारायची सवय त्या केंद्रात कुणी लावली होती का, दोन रांगा वेगळ्या ओळखू येत होत्या का, हे प्रश्न निलंबनाच्या आदेशात बसत नाहीत.

रुग्णसुरक्षेचं आपलं धोरण बहुतेक वेळा त्या आदेशापाशीच संपतं. माझं म्हणणं असं की रुग्ण वाचवायचे असतील तर डॉक्टर, सिस्टर, ब्रदर, मामा, मावशी या सगळ्यांना एकत्र, कामाच्या जागी आणि पुन्हा पुन्हा शिकवावं लागेल. ठाणे जिल्ह्यात आमच्या सोनिवली-बदलापूरकडे हा विषय काढला की चार ठरलेले आक्षेप समोर येतात. चारही गंभीरपणे घेण्याजोगे आहेत, म्हणून एकेकाचा समाचार घेऊ.

पहिला आक्षेप: ‘एकाला घरी बसवा, बाकीचे आपोआप सरळ होतात.’ महाराष्ट्राने हा प्रयोग २०२१ या एकाच वर्षात करून पाहिला. ९ जानेवारीच्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली आणि दहा अर्भकं गेली. कारवाई झाली, परिचारिकांवर गुन्हेही दाखल झाले. २३ एप्रिलला विरारच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला, १३ रुग्ण त्याच दिवशी दगावले. पाचच दिवसांनी मुंब्र्यात चार जण गेले. ६ नोव्हेंबरला अहमदनगर जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात ११ जणांचा बळी गेला आणि एका डॉक्टरसह तीन परिचारिकांना अटक झाली. भीतीने माणूस शहाणा होत असता तर भंडाऱ्यानंतरच्या दहा महिन्यांत राज्यातला प्रत्येक अतिदक्षता विभाग शहाणा झाला असता. वायरिंग जुनं असेल तर ते बदललंच पाहिजे. पण धूर दिसताच मेन स्विच कुणी बंद करायचा, प्राणवायूचा पुरवठा कुणी तोडायचा, कोणतं बाळ कुणी उचलायचं, हे अटक झाल्याने कुणाला कळत नाही.

उलट भीतीने एक गोष्ट हमखास होते: चूक लपते. चुकीचं अँप्यूल फोडलं गेलं पण इंजेक्शन देण्याआधी लक्षात आलं, तर घाबरलेली सिस्टर ते गुपचूप कचऱ्यात टाकते. रुग्ण वाचला, पण एकसारख्या दिसणाऱ्या दोन औषधांचे डबे त्याच ट्रेमध्ये शेजारी शेजारी राहिले. पुढच्या पाळीतल्या सिस्टरचा हात त्याच ट्रेकडे जाणार आहे.

याचा अर्थ कुणालाच शिक्षा नको, असा नाही. दारू पिऊन कामावर येणारा, खोट्या पदवीवर दवाखाना चालवणारा, जाणूनबुजून रुग्णाला वाऱ्यावर सोडणारा यांची जागा कोर्टातच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यात हीच रेघ ओढली: फौजदारी खटल्यासाठी निष्काळजीपणा घोर असला पाहिजे, प्रत्येक चूक म्हणजे गुन्हा नव्हे. आणि त्या खटल्यातला मुद्दा काय होता? लुधियानाच्या रुग्णालयात श्वास अडकलेल्या रुग्णापाशी आणलेला सिलेंडर रिकामा निघाला आणि दुसरा येईपर्यंत मोलाची मिनिटं गेली. प्रत्येक पाळीत सिलेंडर तपासण्याची शिस्त असेल तर कोर्टापर्यंत जायची वेळच येत नाही.

शेवटच्या हातापाशी न थांबता मागची साखळी तपासायची रीत महाराष्ट्राला परकी नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरॉलने १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषध देणाऱ्या हाताला दोष देऊन विषय संपवला नाही. खरेदी कशी झाली, चाचणी कुणी केली, परवाने कसे मिळाले, इथपासून मंत्र्यांच्या वर्तनापर्यंत त्यांनी सारं उघड केलं. मोठ्या दुर्घटनेला आपण हा न्याय लावू शकतो, तर वॉर्डातल्या रोजच्या चुकीलाही लावता येईल.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे: ‘मूळ दुखणं माणसं कमी असण्याचं आहे, शिकवून काय होणार?’ यातला पूर्वार्ध मी पूर्ण मान्य करतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. दीड महिन्यानंतर नांदेडच्या शासकीय रुग्णालयात तेवढ्याच काळात २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात अर्भकं होती. रिक्त पदं भरलीच पाहिजेत. प्रशिक्षणाची ढाल पुढे करून सरकारने भरती टाळली तर ती फसवणूक ठरेल.

पण उत्तरार्ध चुकीचा आहे. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळच्या घाटंजी तालुक्यातल्या कापसी कोपरी गावात पोलिओच्या लसीऐवजी बारा बालकांच्या तोंडात हँड सॅनिटायझरचे थेंब पडले. सुदैवाने मुलं वाचली आणि संबंधितांवर कारवाई झाली. तिथे माणसांची कमतरता नव्हती, बूथवर आरोग्य कर्मचारी, अंगणवाडी सेविका, आशा असे एकाहून अधिक जण होते. प्रत्येक बाळाआधी बाटलीवरचं नाव एकीने वाचायचं आणि दुसरीने ‘बरोबर’ म्हणायचं, एवढीच रीत कमी पडली. ती लावायला नवं पद मंजूर करावं लागत नाही.

आणि माणसं कमी असतात तिथे ही रीत जास्त लागते. इन्शुलिनचं उदाहरण घ्या. आपल्याकडे वायलमध्ये बहुतेक वेळा एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, पेनच्या काडतुसात १०० युनिट. त्यानुसार सिरिंजही दोन प्रकारच्या: लाल टोपीची ४० साठी, नारिंगी १०० साठी. शंभरचं औषध लाल टोपीच्या सिरिंजने भरलं की अडीचपट डोस जातो. रात्री एकट्या सिस्टरवर सारा वॉर्ड सोपवलेला असेल तर तिला विचार करायला उसंत नसते, तिथे हाताला लागलेली सवयच रुग्णाला वाचवते. ही सवय शिकवायला दहा मिनिटं पुरतात आणि टिकवायला दर आठवड्याची उजळणी.

तिसरा आक्षेप मोठ्या डॉक्टरांचा: ‘वीस वर्षं काम करणाऱ्याला काय शिकवणार?’ त्याच्या हाताला काही शिकवायचं नाही. शिकवायचं आहे ते शेजारच्या हाताशी जुळवून घेणं. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूरच्या लहान नर्सिंग होममध्ये शस्त्रक्रिया कशी होते ते पाहा. सर्जन बाहेरून येतो. भूलतज्ज्ञ दिवसाला तीन-चार ठिकाणी धावतो आणि प्रत्येक ठिकाणी भुलेचं मशीन वेगळं असतं. रात्रीचे आर.एम.ओ. अनेकदा आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर. सिस्टर काही ठिकाणी जी.एन.एम., काही ठिकाणी कामावरच शिकलेली. या माणसांची टोळी प्रत्येक ऑपरेशनपुरती जमते आणि पांगते. यांतल्या मावशीला दिसलं की उजव्याऐवजी डावा पाय स्वच्छ केला जातोय, तर ती बोलेल का? बोलली तर तिला कुणी ‘तुझं काम कर’ म्हणेल का? सगळ्या अनुभवाची किंमत या एका क्षणावर ठरते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी सुरक्षेची यादी काढली, तेव्हा तिच्यात हत्यारांइतकीच जागा ओळखीला दिली: चिरा देण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली, तिचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं, गुंतागुंतीचं ११ वरून ७ वर. तिथले सर्जन वर्षभरात जास्त हुशार झाले नव्हते, ते एकमेकांशी बोलू लागले होते.

चौथा आक्षेप सर्वांत बोचरा: ‘प्रशिक्षणं होतातच की! फरक कुठे पडतो?’ आक्षेप घेणाऱ्यांच्या हातात पुरावेही आहेत. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने हीच यादी १०१ रुग्णालयांवर सक्तीची केली. २०१४ च्या अभ्यासात मृत्यूंत म्हणण्याजोगी घट दिसली नाही. आपल्या उत्तर प्रदेशात अभ्यासातल्या १२० पैकी ६० आरोग्य केंद्रांत सुरक्षित प्रसूतीच्या यादीसह प्रशिक्षक पाठवले गेले. कामाची पद्धत सुधारली, पण माता आणि बालकांचे मृत्यू घटले नाहीत, असं २०१७ मध्ये जाहीर झालं.

हे पुरावे मी दडवत नाही, कारण ते माझ्याच बाजूने बोलतात. ओंटारिओत यादी सक्तीची झाली, चमूंची तयारी मात्र जिकडेतिकडे सारखी झाली नाही. फॉर्मवर टिक लागल्या, माणसं होती तशीच राहिली. याउलट अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी सर्जनपासून परिचारिकांपर्यंत पूर्ण चमू एकत्र बसवून शिकवला आणि पुढे वर्षभर पाठपुरावा केला. २०१० च्या अहवालानुसार प्रशिक्षण झालेल्या ७४ रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १८ टक्क्यांनी घटले, न झालेल्या ३४ ठिकाणी ७ टक्क्यांनी. उत्तर प्रदेशात प्रशिक्षक येत होते तेव्हा आवश्यक कृती ७३ टक्के वेळा होत होत्या, ते थांबल्यावर काही महिन्यांत हा आकडा ६२ वर घसरला. म्हणजे शिकवणं थांबलं की शिकलेलंही ओसरतं. आणि रक्त, औषध, मोठ्या रुग्णालयाची सोय नसेल तर नुसतं शिकवणं जीव वाचवायला पुरत नाही. दोन्ही धडे मला मान्य आहेत.

आपल्याकडे ज्याला प्रशिक्षण म्हणतात ते मात्र मला मान्य नाही. हॉलमध्ये बॅनर, पडद्यावर स्लाइड, हजेरीपटावर सह्या, शेवटी फोटो आणि वडापाव. डॉक्टर एका हॉलात, परिचारिका दुसऱ्या, मामा-मावशींना आमंत्रणच नाही. याच्यावरून प्रशिक्षणालाच नावं ठेवणं म्हणजे पोहण्यावरचं भाषण ऐकून बुडालेल्या माणसाकडे बोट दाखवून पोहणं निरुपयोगी ठरवण्यासारखं आहे.

मग करायचं काय? सोनिवलीपासूनच सुरुवात करू, कारण रुग्ण कुठे निसटतो हे इथून स्पष्ट दिसतं. रात्री एखाद्याची तब्येत ढासळली की वाट ठरलेली असते: जवळचा खासगी दवाखाना किंवा बदलापूरचं ग्रामीण रुग्णालय, तिथून उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय, नाहीतर अंबरनाथचं छाया रुग्णालय, मग कळवा, मग मुंबई. प्रत्येक टप्प्यावर नवा केसपेपर, नवी चौकशी, तेच रक्त पुन्हा तपासायला. आधी कोणतं इंजेक्शन किती वाजता दिलं हे अनेकदा घाबरलेल्या मुलाच्या आठवणीवर चालतं. कळव्याच्या त्या मृत्यूंनंतर प्रशासनाने सांगितलं होतं की बरेच रुग्ण अगदी शेवटच्या अवस्थेत, काही तर खासगी रुग्णालयांतून, आले होते. म्हणून पहिलं शिक्षण रुग्ण सोपवण्याचं हवं: एकच पान, आणि त्यावरच्या चार गोष्टी फोनवर तोंडी: रुग्ण कोण, झालं काय, दिलं काय आणि कधी, पुढे भीती कशाची. ऐकणाऱ्याने त्या परत म्हणून दाखवायच्या. पाठवणारे आणि घेणारे दोघे एकाच वर्गात बसले तरच हे जमेल.

दुसरं, रंगीत तालीम. प्रसूतीनंतर रक्तस्राव सुरू झाला, हृदय बंद पडलं, वॉर्डात धूर झाला, या तीन प्रसंगांची तालीम महिन्याला एकदा, खऱ्या वॉर्डात, खऱ्या पाळीतल्या माणसांसह. २१ एप्रिल २०२१ ला नाशिकच्या झाकिर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली आणि दाब घसरून २२ रुग्ण गेले. अशा वेळी वॉर्डातला कोण काय करणार, हे आधी घटवलेलं असावं लागतं.

तिसरं, चुकता चुकता वाचलेल्या प्रसंगांची वही. नाव न लिहिता, दर आठवड्याला सर्वांसमोर वाचायची. वहीतल्या नोंदीवरून कुणावर कारवाई होणार नाही, हे रुग्णालय प्रमुखाने लेखी द्यायचं.

हे परवडेल का? सरावाचा एक बाहुला चार नर्सिंग होमना पुरतो. शिकवणारे कळव्याच्या राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालयात आहेत. डॉक्टरांना नोंदणी टिकवायला पाच वर्षांत ३० तासांचं शिक्षण घ्यावंच लागतं, त्यातले काही तास सिस्टर-मावशींसोबतच्या तालमीला का नसावेत? आणि १९४९ च्या कायद्याखाली नर्सिंग होमच्या नोंदणीचं नूतनीकरण करताना अधिकाऱ्याने शेवटच्या सहा तालमींची नोंद मागावी. त्यासाठी विधिमंडळाची वाट पाहायची गरज नाही. कुळगाव-बदलापूर नगरपरिषद आणि अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या तिन्ही शहरांतल्या डॉक्टरांच्या संघटनांनी मनावर घेतलं तर १७ सप्टेंबरच्या जागतिक रुग्णसुरक्षा दिनी बॅनरऐवजी पहिली तालीम करता येईल.

वाचकांनाही एक काम आहे. उद्या कुठल्याशा रुग्णालयात चूक झाल्याची बातमी येईल आणि कुणीतरी निलंबित झालेलं असेल. तेव्हा समाधान मानू नका. नगरसेवकाला, आमदाराला, रुग्णालयाच्या अधीक्षकाला एकच प्रश्न विचारा: त्या वॉर्डातल्या सगळ्यांना शेवटचं एकत्र कधी शिकवलं होतं? याचं उत्तर तारखेसह मिळत नसेल, तर जबाबदार माणूस अजून निलंबित व्हायचा आहे.